ठिपका मधोमध

१

आसनगावहून किन्हवलीकडे निघालं की भातगिरणीच्या पाठीमागे मनोजशेटचं पत्र्याचं वर्कशॉप लागतं. घरबसल्या मोबाइलवरून शेतातली मोटर चालू करायच्या पेट्या हल्ली निघाल्या आहेत, त्यांचे अँटेना तिथे बनतात. शकूमावशी सोल्डरिंग करते आणि कमळू अँटेना तपासतो. कमळूच्या आधी त्याचा थोरला भाऊ जगन तपासायचा. तेव्हा कमळू नुसती खोकी उचलायचा आणि मधून मधून जगनच्या खांद्यावरून डोकावायचा.

तपासायच्या मशीनचं नाव नेटवर्क अ‍ॅनालायझर. कुठल्याशा मोठ्या लॅबनं मोडीत काढलेलं होतं, शेटनं ते उचलून आणलं. केबलमधून ते काहीतरी आत सोडतं आणि त्यातलं परत किती येतं ते पाहतं. कमळूनं आश्रमशाळा सातवीतच सोडलेली, त्याच्या डोक्यात हे शिरेना. तेव्हा जगननं त्याला त्यांच्या गावाकडच्या, डोळखांबच्या भाषेत समजावलं होतं.

"डोंगराकडं तोंड करून ओरड. काय होतं?"

"परत येतं."

"आता पेंढ्याच्या उडवीत तोंड खुपसून ओरड."

"तोंडात कुसळं जातात."

"गाढवा, आवाज येतो का परत?"

"नाय."

"हां. त्याला लोड बोलतात."

अंगठ्याच्या पेराएवढी तीन पिवळी टोपणं होती. ओपन, शॉर्ट आणि लोड. सकाळी मशीन तापू द्यायचं, जोड स्पिरिटनं पुसायचे, मग केबलच्या टोकाला एकेक टोपण लावून मशीनला शिकवायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात, वर्कशॉपात नुसतं कॅल. शिकवणी झाली की लोड लावल्यावर पडद्यावरच्या गोलात ठिपका अगदी मधोमध येऊन बसला पाहिजे. बसला, म्हणजे मशीन खरं बोलतंय.

"आपण मशीनला काय सांगतो ठावं हाय?" जगन म्हणायचा. "ही केबल, हा जोड, जे काय मधे हाय ना, ते धरू नको. ते नायच असं समज. त्याच्या पुढचं तेवढं दाव."

आता गोची अशी की केबल आतून एका जागी तुटकी होती. नवी मागवलेली, पण ती काही येईना. तुटक्या जागी डावा तळवा ठेवून केबल खालच्या लाकडी ठोकळ्यावर दाबून धरली, तरच ठिपका ठरायचा. म्हणून जगननं कॅल केलं तेच हात दाबून, आणि पुढे प्रत्येक अँटेना तपासला तोही तसाच हात दाबून. शिकलेल्या माणसानं हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण माल बरोबर जात होता. मशीननं केबल जशी मनात धरली, जोड जसा मनात धरला, तसा जगनचा हातही मनात धरला आणि हिशेबातून वगळला.

२

दिवाळी होऊन गेल्यावर मुरबाड रस्त्याला डंपरनं मोटरसायकलवरच्या जगनला उडवलं.

कमळू तिथे पोचला तेव्हा डंपरचा ड्रायव्हर पळाला होता. कमळूनं दगड घेऊन काचा फोडल्या, मग डिझेलची टाकी कुठे असते ते शोधायला लागला. चार माणसांनी त्याला धरून शेतात आडवा पाडला. त्यानंतर तो रडला असेल तर कुणी पाहिलं नाही. नीट जेवलाही नाही.

जगनच्या खुर्चीवर शेटनं त्यालाच बसवलं. पहिल्या सकाळी कमळूनं जगनच्याच जुन्या कॅलवर लोड लावला. ठिपका मधोमध येईना, एका अंगाला जाऊन थरथरत राहिला. त्यानं केबलवर हात ठेवला. ठिपका मध्याकडे सरकला, पण पोचला नाही. जोर लावला तर पलीकडे गेला. जगनचा तळवा जाड होता, वीटभट्टीवर घट्टे पडलेला. कमळूचा हात त्या मानानं पोराचा.

माल चुकीचा गेला आणि खोकी परत आली. शेट येऊन डोक्यावर उभा राहिला.

"नवं कॅल कर."

"नाय करणार."

"म्हणजे?"

"नवं केलं की जुनं पुसतं. या मशीनमधी एकच राहतं."

"मग पुसू दे ना! तुझ्या दादाचं कॅल काय मी देव्हाऱ्यात ठेवू?"

कमळूनं हातातला पाना असा आपटला की शकूमावशीच्या टेबलावरचं सोल्डर उडालं. शेट दोन पावलं मागे सरला. पोरगा सुतकातला, म्हणून त्यानं तोंड आवरलं. "सोमवारपर्यंत बघतो. सोमवारी माल गेला पायजे," म्हणाला आणि निघून गेला.

कमळूला हे कुणाला सांगता आलं नसतं. जगनचे कपडे नदीला सोडले होते. मोबाइल डंपरखाली चुरडला, त्यातच सगळे फोटो. त्याचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. राहिलं होतं ते एवढंच, त्या मशीनच्या पोटात त्याच्या हाताचा दाब. रोज सकाळी कमळू लोड लावायचा आणि ठिपका एका अंगाला पडायचा, तेव्हा मशीनच त्याला विचारत असल्यासारखं वाटायचं, इथे एक हात होता, तो कुठे गेला?

३

गुरुवारी गिरणी बंद असते. त्या दिवशी वर्कशॉपात इतकी शांतता होती की शकूमावशीच्या तापल्या सोल्डरची चुरचुर ऐकू येत होती. कमळूनं जोड पुसले, लोड लावला, पान्यानं आवळला. मग रोजच्यासारखा केबलकडे हात न्यायला लागला आणि थांबला.

ठिपका सरकत होता.

कुणी खुर्ची पुढे ओढून बसावं तसा, घाई न करता. एका अंगाकडून मध्याकडे आला, मध्यावर आला, आणि राहिला.

कमळूचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यानं ते उचलून पाहिले, जणू तिसरा कुठे आहे का.

"मावशी, हिकडं ये."

शकूमावशी आली, चष्मा वर करून बघितलं. "बसला की ठिपका. कसा बसवलास?"

"मी नाय."

"मग काय गिरणीवाल्यानं?" ती हसली. "जमलं ना? झालं तर मग. तपास आता भराभर."

त्यानं परत आलेला एक अँटेना लावला, मग दुसरा. आकडे जगनच्या वेळेसारखे चोख येत होते. केबल ठोकळ्यावर एकटी पडली होती.

४

कमळू बिनडोक नव्हता. थंडीनं केबल आकसली असेल, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, पत्र्याच्या फटीतून ऊन पडतं त्यानं. म्हणून त्यानं फटीत गोणपाट कोंबलं. ठिपका मधोमधच. टेबल हलवलं. हलवताना ठिपका क्षणभर डळमळला आणि परत आला, जसं एसटीत उभ्या माणसानं धक्का बसल्यावर पुन्हा दांडा धरावा. केबलला त्यानं तुटक्या जागी बोट लावून पाहिलं. बाकी केबल गार होती. तेवढीच जागा कोमट लागली.

तिथे त्यानं विचार करायचं सोडलं. दुसऱ्या कुणाला या जागी भीती वाटली असती. कमळूला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

त्या दुपारी त्यानं डबा खाल्ला, तोही मशीनसमोर बसून, आणि घास घेता घेता हळू आवाजात बोलत राहिला. भात झोडून झाला. वाळूमामाची म्हैस व्यायली. तुझी गाडी पोलिसांनी अजून सोडली नाय.

"कमळ्या," शकूमावशी तिकडून म्हणाली, "केबलशी गप्पा मारतोस, गोंजारतोस. उद्या बायको आली तर तिला काय करशील रे?"

"तिला शिकवंन सोल्डरिंग. म्हणजे तुला घरी बसवता येईल."

मावशी खो खो हसली. त्याच्या तोंडून चेष्टा ऐकून तिला बरं वाटलं होतं. तिनं त्याला आपल्या डब्यातली नाचणीची अर्धी भाकर दिली, तीही त्यानं खाल्ली.

एकच गोष्ट त्याच्या मनाला टोचली. तो बोलत असताना ठिपका अगदी स्थिर राहायचा. बोलणं थांबलं की बारीक हलायचा. जगन तर कुणी बोलत असलं की हमखास चुळबुळ करायचा. पण हे त्यानं मनाआड केलं.

५

शनिवारी पाड्यावर गेल्यावर त्यानं रोशनीवहिनीला सांगितलं. जगनची बायको. ती चुलीपुढे बसली होती, उठली नाही.

"माझ्या सपनात पण येत नाय तो," ती म्हणाली. "तुझ्याकडं येतो?"

"तू चल ना. हात लावून बघ."

रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण चावी कमळूकडे असायची. सकाळच्या एसटीनं दोघं आली. वहिनी दारातच जरा थांबली, जगनची खुर्ची तिनं पहिल्यांदाच पाहिली. कमळूनं मशीन चालू केलं, तापू दिलं, लोड लावला. ठिपका आला आणि मधोमध बसला.

"हितं," कमळू म्हणाला. "तुझा हात हितं ठेव. त्याच्या हातावर."

तिनं पदराला हात पुसला आणि केबलवर ठेवला. डोळे मिटले. कमळूला वाटलं, आता ही रडेल, आणि मग आपल्यालाही रडता येईल. गेल्या कित्येक दिवसांत त्याला दुसरं काही नको होतं.

ठिपका बारीक बारीक हलायला लागला. इकडे जरासा, तिकडे जरासा.

वहिनीनं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

"हा त्याचा नाय."

"काय?"

"हात हाय. पण त्याचा नाय."

"तुला काय कळतंय त्यातलं! मशीनला त्याचाच हात ठावा हाय. दुसऱ्या कुणाचा ठेवला तर ठिपका बसत नाय, माझा पण नाय बसत!"

"कमळू, त्यानं माझा हात धरला नाय रे." ती भिंतीकडे बघत होती, मशीनच्या मागच्या. "चाचपला. एकेक बोट चाचपलं. जगनला माझा हात चाचपायची काय गरज?"

कमळूचं डोकं फिरलं. नको ते तो बोलून गेला. तुला तो नकोच होता, तू त्याला विसरायला बसलीयेस, तुझ्या माहेरच्यांनी आत्तापासून दुसरं घर बघायला घेतलंय. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. नंतर चप्पल घातली.

"ते मशीन बंद कर," दारातून म्हणाली. "आणि ये माझ्यासंग. परत हितं एकटा बसू नको."

तो गेला नाही. ती एकटीच एसटीच्या थांब्याकडे चालत गेली.

६

रागात माणूस काहीतरी हातात घेतो. कमळूनं स्पिरिटची बाटली घेतली. वहिनीचा हात लागला ती जागा पुसून काढायची, एवढंच त्याच्या मनात होतं. कापसावर घेण्याऐवजी त्यानं बाटली सरळ केबलवर उपडी केली. स्पिरिट केबलवरून ओघळलं, लाकडी ठोकळ्यावर पसरलं, लाकूड काळं पडलं.

सगळीकडे पडलं नाही.

केबलच्या काळ्या रबरावर चार आडव्या जागा कोरड्या राहिल्या होत्या. केबलच्या अलीकडे, ठोकळ्यावर, त्याच चार जागा पुढे आलेल्या, टोकाला गोल. ओल्या लाकडात कोरडी बोटं.

क्षणभर त्याचा ऊर भरून आला. जगनचीच. दुसऱ्या कुणाची असणार?

मग त्यानं आपला डावा हात, जगन ठेवायचा तसा, केबलच्या वर हवेत धरला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात केबलवर जातो तेव्हा बोटं केबल ओलांडून पलीकडे जातात, मशीनकडे. अंगठा अलीकडे राहतो.

ठोकळ्यावरची बोटं अलीकडे होती. टोकं कमळूच्या पोटाकडे.

तो हात समोरून आला होता.

समोर मशीन होतं आणि मशीनला चिकटून भिंत. मधे वही सरकवायलाही जागा नव्हती. कमळू हळूहळू खुर्चीवरून उठला. उठताना पाहिलं, स्पिरिट उडत चाललं होतं, लाकूड पुन्हा पांढरं पडत होतं, आणि त्या उडत्या ओलीत चारांपैकी एक बोट जरा पुढे आलं. चाचपत.

पुढे तो बाहेर कसा आला ते त्याला आठवत नाही. गिरणीच्या ओट्यावर कोंड्याच्या पोत्यांना टेकून तो उन्हं उतरेपर्यंत बसला होता. तिथे त्याच्या ध्यानात आलं. मशीनमध्ये एका हाताची जागा होती. जगन गेला आणि ती रिकामी पडली. आपणच हट्टानं ती पुसू दिली नाही, रोज सकाळी उघडून ठेवली, ये म्हणून बसलो. रिकामं घर पाहून आत कोण शिरेल हे घर ठरवत नाही.

७

सोमवारी शेट लवकर आला. माल न्यायला छोटा टेम्पो बाहेर उभा होता.

"काय रे, ठरलं का तुझं?"

"करतो नवं कॅल," कमळू म्हणाला.

शेटनं शकूमावशीकडे पाहिलं, मावशीनं भुवया उडवल्या. इतक्या सहज कमळू ऐकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कमळूचा चेहरा ओढला होता. रात्रभर त्यानं स्वतःला समजावलं होतं की जुनं पुसलं की ती जागाच जाईल. जागा गेली की तो हातही जाईल. त्यासोबत जगनचा दाबही जाईल, जगनचं या जगात राहिलेलं शेवटचं. पण जाऊ दे. जाऊ दे.

"शेट, आधी केबल बदला."

"आली की बदलू. आज आहे त्याच्यावर कर."

"मग तुमी दाबून धरा."

"दाबायचं काय त्यात? तुझ्या दादाची ती भलतीच खोड होती. कुणी हात लावू नका, गप पडू दे केबल."

कमळूनं ओपन लावलं, बटण दाबलं. मशीननं टिक केलं. शॉर्ट लावलं. टिक. लोड लावताना आटे लवकर जुळेनात. पडद्यावर विचारणा आली, जुनं पुसायचं का? कमळूनं डोळे मिटले. मनात जगनचं तोंड आणायचा प्रयत्न केला, पण पुरतं आलंच नाही, नुसते केस आले आणि शर्टाची कॉलर. त्यानं बटण दाबलं.

टिक.

ठिपका मधोमध बसला. सुईनं टोचल्यासारखा बारीक, स्थिर.

"वा!" शेट म्हणाला. "एवढ्यासाठी इतके दिवस घालवलेस?"

अँटेना एकापाठी एक लागत गेले, सगळे पास. मावशीनं टेम्पोवाल्याला चहा दिला. शेटनं कमळूच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, भावाच्या वरताण निघालास.

कमळू लोड लावून बसून राहिला होता. त्याला दुसरंच काही दिसत होतं, आणि ते त्याला उशिरा दिसलं होतं. कॅल करताना केबलवर जे काही असतं ते मशीन मनात धरतं आणि नाहीच असं समजतं. हात तेव्हा केबलवर असेल, तर तो आता धरला गेला. तो निघून गेला, तर केबल सुटेल आणि ठिपका सरकेल. म्हणून कमळू ठिपक्याकडे बघत होता. सरक. एवढंसं सरक.

दुपार झाली. गिरणी सुरू झाली, पत्रे थरथरले, टेबल थरथरलं. केबल तुटकी होती, ठोकळ्यावर मोकळी पडलेली. असल्या धक्क्यानं ठिपका सैरावैरा धावायला हवा होता.

तो जागचा हलला नाही. कुणीतरी घट्ट धरून होतं.

कमळूनं खुर्ची मागे घेतली नाही. कुठे जायचं होतं? जगन आता मशीनमध्ये नव्हता. कुठेच नव्हता. जो होता तो टेबलापलीकडे होता, बोटं इकडे करून, आणि मशीन सांगत होतं, इथे कुणी नाही.